परवानगी आणि हक्क: बीड जिल्ह्यातून मूलभूत हक्कांकडे पाहताना

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. हा नियम घालणाऱ्या परिपत्रकाचे नाव 'गश्ती निशाण ५३'. गश्ती म्हणजे परिपत्रक आणि निशाण म्हणजे क्रमांक. नावात भीतीदायक असे काही नाही. तरीही मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात हा आकडा एखाद्या खाष्ट माणसाच्या नावासारखा पुन्हा पुन्हा भेटतो. सभेचा विषय आधी कळवायचा, वाट पाहायची, आणि नकार आला तर गप्प बसायचे. खासगी शाळा काढणे किंवा आखाडा चालवणे यांनाही अशीच परवानगी लागे. बीड हा त्या संस्थानातला एक जिल्हा होता. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत, आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती.

अंबाजोगाईचे नाव तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद असे होते. तिथल्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९३८ साली शाळा सोडून सत्याग्रहात उडी घेतली. त्या सत्याग्रहाची मागणी आज कोणालाही साधी वाटेल: हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संघटना स्थापन होण्याआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये तिच्यावर बंदी आली होती, ती उठवावी. अजून जन्मालाही न आलेल्या संस्थेवर बंदी घालता येते, इतका अधिकार राज्यकर्त्याच्या हाती होता. ही बंदी १९४६ पर्यंत टिकली. या काळात निजामाच्या प्रजेला स्वातंत्र्य मुळीच नव्हते असे म्हणणे चूक ठरेल. लोक बोलत, जमत, लिहीत. पण हे सारे चाले ते सरकारने चालू दिले म्हणून. परवानगी देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकत असे आणि त्याला जाब विचारण्याची जागा नव्हती. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क शिकताना हा फरक आधी पक्का करून घ्यावा लागतो. परवानगीच्या राज्यात कारण नागरिकाने द्यायचे असते, मला हे का करू द्यावे याचे. हक्काच्या राज्यात कारण सरकारने द्यायचे असते, तुला हे का करू देत नाही याचे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. लोक त्या घटनेला आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात आणि मराठवाड्यात तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीत तेव्हा घटना समितीचे काम निम्म्यावर आले होते. त्या समितीत हैदराबाद संस्थानाचे प्रतिनिधी मात्र नव्हते. भारताचे संविधान हेच संस्थानाचेही संविधान राहील, असे निजामाने नोव्हेंबर १९४९ मध्ये जाहीर केले. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हे 'भाग ब' मधले राज्य झाले आणि तोच निजाम त्याचा राजप्रमुख. म्हणजे बीडच्या शेतकऱ्याला त्या दिवशी जे हक्क मिळाले, ते लिहिणाऱ्या सभागृहात त्याच्या संस्थानाचा माणूस बसलेला नव्हता, आणि ते जाहीर झाले त्याच्या जुन्या राज्यकर्त्याच्या नावाने. इतिहासाचा हा चमत्कारिक पेच आहे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली तरी हक्क तेच राहिले, कारण ते राज्याचे नव्हते, संविधानाचे होते.

संविधानाचा तिसरा भाग, म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५, हा मूलभूत हक्कांचा. बोलीभाषेत अनुच्छेदाला सर्रास कलम म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. समानता (१४ ते १८), स्वातंत्र्य (१९ ते २२), शोषणाविरुद्धचा हक्क (२३ व २४), धर्मस्वातंत्र्य (२५ ते २८), संस्कृती आणि शिक्षणाचे हक्क (२९ व ३०) आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्क (३२), अशी ही सहा दालने. मुळात सात होती. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने या भागातून वगळला. आता तो अनुच्छेद ३०० क मध्ये आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही. माजलगावचे धरण असो की अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मोबदल्याचा विचार याच अनुच्छेदापाशी येऊन थांबतो.

हे हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. अनुच्छेद १२ मधली 'राज्य' ही व्याख्या केंद्र आणि राज्य सरकारांबरोबर जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनाही लागू होते. शेजाऱ्याने शिवी दिली तर तो मूलभूत हक्काचा भंग होत नाही. त्यासाठी साधे कायदे आहेत. अपवाद थोडे पण महत्त्वाचे. अस्पृश्यता बंद करणारा अनुच्छेद १७, दुकाने, विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात भेदभावाला मनाई करणारा १५ (२) आणि वेठबिगारीविरुद्धचा २३ हे खासगी माणसालाही बांधतात. विहीर आणि तळे हे शब्द संविधानात कुठून आले, हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आणि त्यातून उभा राहिलेला दावा अस्पृश्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९३७ मध्ये.

या सगळ्यांत अनुच्छेद १९ वर थोडे थांबले पाहिजे, कारण गश्ती निशाण ५३ ला दिलेले उत्तर तिथे आहे. बोलण्याचे व मत मांडण्याचे, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे, संघटना काढण्याचे, देशभर फिरण्याचे, कुठेही राहण्याचे आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य त्यात लिहिले आहे. लगेच पुढच्या उपकलमांत निर्बंधही आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, देशाची एकात्मता, बदनामी, न्यायालयाचा अवमान अशा ठरावीक कारणांसाठी सरकार कायद्याने 'वाजवी निर्बंध' घालू शकते. 'वाजवी' हा शब्द पहिल्या मसुद्यात नव्हता. तो नंतर आला आणि त्यानेच न्यायालयांच्या हाती मोजपट्टी दिली. निर्बंध वाजवी आहे की नाही हे शेवटी ठरवायचे सरकारने नव्हे, न्यायालयाने. रस्त्यावरच्या सभेची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पण सभाच होऊ न देण्याचा बेलगाम अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यात १९७२ साली सांगितले.

ही मोजपट्टी बीड जिल्ह्यात प्रत्यक्ष लावली गेली ती २०२० साली. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या विरोधात माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर शांततेत धरणे धरण्यासाठी काही नागरिकांनी परवानगी मागितली. पोलिसांनी ती दिली नाही. बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ३१ जानेवारी रोजी काढलेला आदेशही आड आला. घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे यांवरही त्यात मनाई होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी १३ फेब्रुवारी रोजी तो आदेश आणि पोलिसांचा नकार दोन्ही रद्द केले.

निकालातले तर्क बारकाईने पाहण्यासारखे आहेत. आदेश वरकरणी सर्वांना लागू असला, तरी तो प्रत्यक्षात एका विशिष्ट आंदोलनाला थोपवण्यासाठी काढलेला दिसतो, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे शब्द सर्वांसाठी आणि रोख एकावर. हा समानतेचाही प्रश्न झाला. एखाद्या कायद्याला विरोध केला एवढ्यावरून कोणाला देशद्रोही ठरवता येत नाही. हा देश अहिंसक आंदोलनांतून स्वतंत्र झाला, याची आठवण न्यायमूर्तींनी करून दिली आणि नोकरशाहीला मूलभूत हक्कांचे प्रशिक्षण द्यायला हवे, असेही नोंदवले. तो कायदा बरा की वाईट, यावर मात्र या निकालाने काही म्हटले नाही, आणि म्हणण्याची गरजही नव्हती. आंदोलकांचे म्हणणे चूक असले तरी त्यांचा जमण्याचा हक्क तसाच राहतो. अनेकांना हे पटायला जड जाते. आपल्याला आवडणाऱ्या मोर्चाला हक्क वाटतो आणि न आवडणाऱ्या मोर्चाला जमावबंदी हवीशी वाटते. ही सवय कोणत्या एका पक्षाची किंवा धर्माची नाही.

त्याच माजलगावात या हक्काची दुसरी बाजूही दिसली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव आणि बीड येथे आमदारांची घरे पेटवली गेली, जाळपोळ पसरली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. अनुच्छेद १९ मधले 'शांततेने व विनाशस्त्र' हे शब्द हक्काच्या व्याख्येतच बसवलेले आहेत. दगड हातात आला की तो जमाव त्या अनुच्छेदाच्या छत्राखाली राहत नाही. पण म्हणून त्या दिवशी घरात बसलेल्या लाखो लोकांचे हक्क संपले असे होत नाही. इंटरनेट बंद करण्याचे आदेश लेखी हवेत, प्रसिद्ध व्हायला हवेत, बेमुदत नकोत आणि त्यांचा आढावा घेतला गेला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसंबंधीच्या अनुराधा भसीन खटल्यात सांगून ठेवले आहे. संचारबंदी वाजवी असू शकते. तिची मुदत आणि तिचे कारण कागदावर नसेल तर ती वाजवी राहत नाही. पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्या जागी आले आहे.

मोबाइलवरून मत मांडणाऱ्यांसाठी पालघरचे उदाहरण जवळचे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे एका मुलीला, आणि ते आवडल्याची खूण केल्यामुळे तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ज्या कलमाने ही अटक शक्य झाली, ते ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. कोणाला तरी 'त्रासदायक' वाटेल असे लिहिणे हा गुन्हा ठरवता येत नाही, कारण अशा ढोबळ शब्दाची सीमा कोण आणि कशी आखणार? बदनामी, हिंसेची चिथावणी, धर्माधर्मांत तेढ निर्माण करणे यांविरुद्धचे कायदे मात्र जागेवर आहेत आणि ते मोबाइललाही लागू आहेत.

हक्कांचा सर्वांत वाईट काळ आणीबाणीचा, २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. त्या काळात वर्तमानपत्रांवर पूर्वनियंत्रण आले आणि हजारो लोक खटल्याविना तुरुंगात गेले. डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली. पुढे त्यांनाही अटक झाली. स्थानबद्ध माणसाला बंदी प्रत्यक्षीकरणासाठी, म्हणजे आपल्याला न्यायालयापुढे हजर करून अटकेचे कारण तपासावे या मागणीसाठी, न्यायालयात जाता येईल, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवले. तो एक म्हणजे न्या. हंसराज खन्ना. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मान्य करताना तो जुना निकाल चूक ठरवला, तेव्हा ते लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत.

अनुच्छेद २१ चे वाक्य छोटे आहे: कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यापासून न्यायालयाने त्याचा अर्थ रुंदावत नेला. कार्यपद्धती नुसती असून भागत नाही, ती न्याय्य असावी लागते. आणि जीवित म्हणजे नुसते श्वास घेणे नव्हे, माणूस म्हणून प्रतिष्ठेने जगणे. २०१४ साली नाल्सा खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्कही यात आला. तो निकाल माजलगावपर्यंत पोचायला तीन-चार वर्षे लागली. तिथे स्त्री म्हणून पोलीस दलात भरती झालेल्या एका शिपायाने २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. पुरुष म्हणून नोकरीत राहता यावे, ही त्यातली खरी अडचणीची मागणी होती. खात्याने नकार दिला. उच्च न्यायालयाने हा सेवेचा विषय असल्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितले. अखेर राज्य सरकारने विशेष बाब म्हणून परवानगी दिली, मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि शिपाई पुरुष म्हणून कामावर रुजू झाला. शेवट गोड झाला, पण 'विशेष बाब म्हणून परवानगी' या शब्दांत हक्क पुन्हा परवानगीच्या रूपात आला, हे नोंदवण्यासारखे आहे.

शोषणाविरुद्धच्या हक्काचा धडा पाठ्यपुस्तकांत सहसा दोन परिच्छेदांत आटोपतो. बीडमध्ये तो आटोपता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपला की परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम जोडीला हंगामाआधी 'उचल' देतो आणि ती उसाच्या टनांतून फेडायची असते. कामाला न गेल्यास 'खाडा' पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. उचल फिटली नाही तर तीच माणसे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. देशभर फिरण्याचे व कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य कागदावर या जोडीलाही आहे.

ही वेठबिगारी आहे का? अनुच्छेद २३ वेठबिगार आणि सक्तीच्या श्रमाला मनाई करतो, आणि वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सक्तीचा अर्थ फार पुढे नेला. चाबूक किंवा साखळी म्हणजेच सक्ती असे नाही. भूक आणि गरिबी माणसाला किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबायला लावते, तेव्हा तीही सक्तीच. या कसोटीवर प्रत्येक उचल वेठबिगारी ठरणार नाही. उचल हा रोखीचा आधारही असतो, आणि पुष्कळ जोड्या भाव करून, मुकादम बदलून ती घेतात. पण कर्ज फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल, टनाचा दर आणि तोडीचे तास यांचा हिशेब किमान वेतनाखाली उतरत असेल, किंवा माणसाला अडकवून ठेवले असेल, तर तो व्यवहार कायद्याच्या सरळ तावडीत येतो. असे मजूर शोधून मुक्त करण्याची जबाबदारी १९७६ च्या कायद्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे. म्हणजे जमावबंदीचा आदेश काढणारे आणि वेठबिगाराला सोडवणारे कार्यालय एकच.

या स्थलांतरातच बीडचे नाव २०१९ साली देशभर गेले ते एका वेगळ्याच कारणाने. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दुखणे कायमचे मिटावे म्हणून ऊसतोड बायका 'पिशवी काढून' घेतात, म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतात, हे उघड झाले. राज्य सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत सुमारे १३ हजार ८०० जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. यांतल्या बहुतेकींना कोणी बळजबरीने दवाखान्यात नेलेले नव्हते. कागदावर संमतीची सही किंवा अंगठा असतो. उसाच्या फडावर शौचालय नाही, पाणी नाही, रजा नाही, आणि डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, अशा वेळी दिलेली संमती किती मोकळी? अनुच्छेद २१ मधली प्रतिष्ठा आणि अनुच्छेद २३ मधली सक्ती इथे एकमेकींत मिसळतात.

समानतेच्या हक्काची बीडमधली कसोटी जन्माच्याही आधी सुरू होते. ० ते ६ वयोगटात दर १००० मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७ उरल्या; राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून होता, पण तो कपाटात पडून होता. पुण्यातल्या मासूम आणि मुंबईच्या सेहत या संस्थांनी साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्याची अंमलबजावणी मागितली, तेव्हा कुठे सोनोग्राफी यंत्रांच्या नोंदी सुरू झाल्या. हक्क नुसता लिहून ठेवला तर वर्षानुवर्षे झोपून राहू शकतो, याचा हा मोजता येणारा पुरावा.

माध्यमिक शाळेच्या वयाला थेट भिडणारे दोन विषय आहेत, शिक्षण आणि बालविवाह. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ क आला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दहावीतला पंधरा वर्षांचा विद्यार्थी या हक्काच्या वयाबाहेर पडलेला असतो, ही गोष्ट वर्गात सांगितली की बहुतेकांना नवल वाटते. ऊसतोड कुटुंबांतली मुले तर वयात असूनही अर्धे वर्ष फडावर असतात. त्यांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. मुलीला मागे ठेवण्याची धास्ती हे लवकर लग्न लावून देण्याचे एक कारण आहे, आणि जोडी झाली की कोयता होतो, हे दुसरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले होते. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. नाव न सांगताही त्यावर खबर देता येते.

धर्मस्वातंत्र्य आणि अल्पसंख्याकांचे हक्क यांविषयी बीडमध्ये इतिहासच अर्धे काम करतो. निजामाच्या राज्यात कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत होते, आणि मराठी बोलणाऱ्याला आपल्या भाषेतल्या शाळेसाठी झगडावे लागे. आज मराठी राज्याची भाषा आहे आणि जिल्ह्यातल्या उर्दू शाळांना अनुच्छेद २९ व ३० चे संरक्षण आहे. ज्याची भाषा आज बहुसंख्य आहे त्याची काल नव्हती. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही (अनुच्छेद २८), हेही इथेच येते.

अटकेसंबंधीचे हक्क थोडक्यात सांगता येतात, पण ते पाठ असावेत असे आहेत. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे (अनुच्छेद २२). स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही (२०). नातेवाइकांना कळवणे आणि अटकेचा पंचनामा करणे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात बंधनकारक केले. हे हक्क संशयितालाही आहेत आणि गावाला नकोशा झालेल्या गुंडालाही आहेत. जिल्ह्यात गाजलेला गुन्हा घडला की हे सांगणाऱ्याकडे रागाने पाहिले जाते. पण खरा गुन्हेगार कोण, हे ठरण्याआधी पोलीस ठाण्यात पोचलेला प्रत्येक जण संशयितच असतो.

उरतो तो दाद मागण्याचा हक्क. हा अनुच्छेद नसेल तर बाकीचे सारे निरर्थक ठरतील, असे डॉ. आंबेडकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितले होते. अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात आणि २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, मनाई हुकूम, उत्प्रेक्षण आणि अधिकारपृच्छा हे त्यासाठीचे पाच आदेश. बीडकरांसाठी उच्च न्यायालयाचा रस्ता बरीच वर्षे लांबचा होता: १९५६ पर्यंत हैदराबाद, नंतर मुंबई. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खंडपीठ बसू लागले आणि एसटीने एका दिवसात जाऊन परतता येईल इतके न्यायालय जवळ आले. माजलगावचा आदेश निघाल्यापासून रद्द होईपर्यंत तेरा दिवस लागले, त्यात या अंतराचाही वाटा आहे.

वकिलाच्या पैशाचा प्रश्न तरीही राहतोच. त्यासाठी अनुच्छेद ३९ क आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आहे. बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्यांच्या न्यायालयांत समित्या आहेत आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी कायद्याच्या कलम १२ मध्ये दिली आहे. स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, वेठबिगार आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाचा दाखला न देताही तो मिळतो. त्याच यादीत पूर आणि भूकंपाच्या मधोमध अवर्षणग्रस्तांचाही उल्लेख आहे. अर्ज मराठीत, साध्या कागदावर करता येतो.